युवा गटाला सेवेसाठी कोकणात न्यायचंय. कुठे, कधी आणि मुळात काय करायला?

निर्मळकाठ · १२ ऑगस्ट २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय. मी वसईची. आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) युवा गटाचं काम बघते. म्हणजे मुलांच्या मागे लागणं, त्यांच्या आईवडिलांना फोन करणं आणि फादरांकडून खर्च मंजूर करून घेणं.

दिवाळीच्या सुट्टीत आमची सहल ठरलेली. एक रिसॉर्ट, एक पोहण्याचा तलाव, रात्री शेकोटी, झालं. यंदा २५ जुलैला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. आमच्या मुलांना ते ठाऊक होते २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. त्यांच्या हरित वसईच्या, म्हणजे वसईची झाडं-पाणी वाचवायच्या, आंदोलनाच्या वेळी यातलं कुणी जन्मलेलंही नव्हतं. त्या आठवड्यात घरोघरी म्हाताऱ्या माणसांनी मोर्चे, टँकर, विहिरी असं सगळं पुन्हा काढलं. पुढच्या बैठकीत मुलांनीच सांगितलं, यंदा रिसॉर्ट नको, कुठेतरी जाऊन काम करू.

मुलं २८, वय १६ ते २३, त्यात १५ मुली. सोबत आम्ही चार मोठी माणसं. हातात पाच दिवस. रविवारची मिस्सा चुकवायची नाही आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी सगळ्यांनी घरी हवं, दफनभूमीत मेणबत्त्या लावायला. ३ ला रविवार. म्हणून सोमवार ४ ते शुक्रवार ८ नोव्हेंबर धरलंय. मुलांच्या डोक्यात समुद्रकिनारा स्वच्छ करणं आणि कासवं वाचवणं आहे. जाणकारांनी सांगावं.

तुतारीचा_प्रवासी · १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

आधी सांगून टाकतो, नाव तुतारी एक्सप्रेस या गाडीवरून घेतलंय, निवडणूक चिन्हावरून नाही. गाडी आधीची आहे.

भाऊबीज यंदा ३ नोव्हेंबरलाच. म्हणजे ४ तारखेला अख्खं कोकण मुंबईकडे येत असेल आणि तुम्ही उलटे जाणार. रस्ता त्यातल्या त्यात मोकळा मिळेल. रेल्वेचा नाद सोडा, वसईहून दिवा, तिथून खेड आणि पुढे पुन्हा गाड्या, ३२ जण आणि सामान घेऊन फजिती होईल. एसटीच्या आगारात जाऊन प्रासंगिक करारावर बस घ्या. महिनाभर आधी अर्ज करा, सुट्टीत गाड्या नसतात.

भरतीरेषा · १३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

ताई, कासवांचं डोक्यातून काढून टाका. ऑलिव्ह रिडली अंडी घालायला साधारण नोव्हेंबरपासून पुढे येतात आणि पिल्लं बाहेर पडतात ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाळूशिवाय काही दिसणार नाही. दिसलं तरी ते काम तीस जणांचं नाही. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून हे उभं केलं ते गावातल्या माणसांना पहाटे किनाऱ्यावर चालायला लावून. रोज, तेच तेच, टॉर्च न मारता. पाच दिवसांच्या पाहुण्याला तिथे काम नसतं, बघणं असतं. बघायला जरूर जा, पण मग त्याला सेवा म्हणू नका.

किनारा स्वच्छतेबद्दल एवढंच. गोळा केलेला कचरा कुठे जाणार, हे ठरवल्याशिवाय पहिली पिशवी उचलू नका. आमच्याकडे दोनदा मोठा कार्यक्रम झाला, गोण्या भरून सुरूच्या बनात ठेवल्या, पाहुणे गेले. पुढच्या पावसात गोण्या फुटून सगळं परत जिथल्या तिथे.

वाशिष्ठीकाठ · १३ ऑगस्ट, दुपारी ३:२०

मी चिपळूणची. मदत घेणाऱ्याच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

२२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर पाणी छताला टेकलं होतं. वरच्या मजल्यावर शेजारच्या दोन कुटुंबांसकट आम्ही तेरा जण. पाणी उतरलं तेव्हा खरा पूर दिसला, चिखलाचा. गुडघाभर, गुळगुळीत, आणि त्याला डिझेल, सडलेलं धान्य आणि गटार यांचा मिळून एक वास. तो वास अजून कधीकधी कपाटातून येतो असं मला वाटतं. नवरा म्हणतो भास आहे.

तिसऱ्या दिवसापासून मदतीच्या गाड्या सुरू झाल्या. पाणी, बिस्किटं हवीच होती, खोटं का बोलू? पण कपडे! लोकांनी घरातले नको झालेले कपडे पाठवले. शाळेच्या व्हरांड्यात ढीग लागला, वरून पाऊस, आठवड्यात बुरशी. शेवटी ते उचलून टाकायचं कामही आमच्याच गळ्यात. एका गाडीतल्या मंडळींनी माझ्या सासूबाईंच्या हातात किट देऊन तीनदा फोटो काढला, कारण पहिल्या दोन फोटोंत त्यांचा फलक नीट येत नव्हता. सासूबाई तिसऱ्यांदा हसल्यासुद्धा. मला अजून त्याचा राग आहे.

आणि एक दहा-बारा पोरांची टोळी आली, सांगलीकडची. २०१९ ला आमच्याकडे पूर आला होता, म्हणाली. फावडी, घमेली, खराटे, गमबूट, फिनेलचे कॅन, सगळं त्यांचं. स्वतःचा स्टोव्ह आणि तांदूळसुद्धा. दारात येऊन एकच प्रश्न, "काकू, आधी काय काढू?" मी म्हटलं फ्रिज. सासूबाई म्हणाल्या पाटा-वरवंटा. त्यांनी आधी पाटा काढला. वरवंटा सापडेना, तर एक मुलगा तासभर हाताने चिखल चाचपत बसला होता. मिळाला. धुऊन जागेवर ठेवला आणि मग फ्रिजला हात लावला.

त्या पोरांची नावं मला माहीत नाहीत. फोटोवाल्यांचं नाव फलकासकट पाठ आहे.

तेव्हा ताई, जिथे जाल तिथे चुलीचा भार त्यांच्यावर टाकू नका, आणि काम त्यांना ठरवू द्या.

पावशेर_जवळा · १३ ऑगस्ट, दुपारी ४:०२

वाशिष्ठीकाठ +१. मी पण कपडे पाठवले होते. गप्प बसतो.

संकासुर · १३ ऑगस्ट, रात्री ९:३०

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. चर्चची मुलं खेड्यात सेवेला येणार म्हटल्यावर गावात पहिली शंका कसली येईल ते तुम्हालाही ठाऊक आहे. पत्रकं, प्रार्थनासभा, आजाऱ्यावर हात ठेवणं असलं काही असेल तर आधीच सांगा. म्हणजे बोलावणाऱ्याची पंचाईत नको.

निर्मळकाठ · १३ ऑगस्ट, रात्री १०:१०

राग कसला, हाच प्रश्न आमच्या बैठकीत आमच्याच एका मुलीने विचारला होता. पत्रकं वाटणार नाही. सकाळची प्रार्थना आम्ही राहू त्या खोलीत, आपापसात करू. जेवणाआधी क्रुसाची खूण करतो, तेवढी दिसेल. गळ्यातले क्रूस काढून ठेवायला मात्र मी मुलांना सांगणार नाही.

पावशेर_जवळा · १३ ऑगस्ट, रात्री १०:२५

अवांतर: ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावचे. कोकणाला हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे, संकासुरा, तू उगाच नवा असल्यासारखा नाचू नकोस.

संपादक · १३ ऑगस्ट, रात्री ११:४०

धर्मांतरावरचे पुढचे नऊ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे प्रवास आणि काम यावरच लिहावे.

सड्यावरचा · १४ ऑगस्ट, दुपारी १:१५

दापोली तालुका, आंजर्ले ते केळशी यांच्या मधला पट्टा. गावाचं नाव व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवतो, इथे नको.

काम आहे. पण दिसायला काही नाही, आधीच सांगतो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडची सुपारीची आगरं आडवी झाली. दुपारी बसलो होतो ती सावली संध्याकाळी नव्हती. नंतर नवी रोपं लावली. सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात, म्हणजे अजून वाट बघायची. आणि तोवर तिला जगवायचं तर फेब्रुवारी ते मे पाणी पाहिजे. आता बाहेरच्या माणसाला हसू येतं की तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पाणी कसं नाही? तर जांभ्याचा कातळ, सगळा उतार, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. पडलं की निघालं. मार्चच्या मध्याला खालच्या वाडीच्या विहिरीचा तळ दिसतो.

आमच्या पऱ्यावर (ओढ्यावर) आम्ही पूर्वी दर नोव्हेंबरला वनराई बंधारा घालायचो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, शिवायच्या, आणि धार बारीक झाली की आडव्या रचायच्या. (वनराई संस्थेचे मोहन धारिया मूळचे महाड तालुक्यातल्या नाते गावचे, म्हणजे शेजारचेच.) खर्च जवळपास नाही, पण अंगमेहनत फार. आता गावात साठ घरं, उघडी तेवीस, त्यात सत्तरीच्या आतले किती ते मोजत नाही. गेली चार वर्षं बंधारा घातलाच गेला नाही. चाकरमानी गणपतीत येतात, शिमग्यात येतात, नोव्हेंबरात कोण येणार?

तुमची २८ पोरं तीन दिवस राबली तर होईल. पण विषय गावकीत ठेवावा लागेल, माझ्या एकट्याच्या होकाराला अर्थ नाही.

निर्मळकाठ · १४ ऑगस्ट, दुपारी १:४०

दादा, व्यनि केलाय. रिकाम्या गोण्यांची काळजी करू नका. वसई-विरारमध्ये सध्या एवढ्या इमारती उठतायत की दुसरं काही नाही तरी सिमेंटच्या गोण्यांना तोटा नाही.

सड्यावरचा · २६ ऑगस्ट, रात्री ८:५०

काल गावकी झाली. चर्चचा विषय निघेल म्हणून मी तयारी करून गेलो होतो. निघाला, दहा मिनिटं चालला, मिटला. खरी चर्चा झाली ती दुसऱ्याच गोष्टींवर. एक, पाहुणे मच्छी खातात का? होय म्हटलं, सगळे खूश. दोन, शाळेच्या खोल्यांत राहणार तर जाताना शेणाने सारवणार कोण? मी म्हटलं फरशी आहे आता शाळेला, तात्या. तीन, देवराईतली माती उचलायची नाही आणि तिथलं सुकं लाकूडही आणायचं नाही. हे तिसरं पाळावंच लागेल.

लेकीची_आई · २६ ऑगस्ट, रात्री ९:२०

पंधरा मुली आहेत. संडास किती, दाराला आतून कडी आहे का, पाणी बाहेरून भरून न्यावं लागतं का, पाळी आली तर पॅड टाकायचे कुठे? हे कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. बाकी सेवा-बिवा नंतर.

सड्यावरचा · २६ ऑगस्ट, रात्री ९:३५

दोन. एकाला कडी आहे. दुसऱ्याला या रविवारी बसवतो. पॅडचं घरी विचारून सांगतो.

गोळी_पाण्याबरोबर · २७ ऑगस्ट, सकाळी ६:३०

मी त्या बाजूला सरकारी दवाखान्यात नोकरी केली आहे. दगड-माती हलवणार आहात, म्हणून फुरशाबद्दल, त्या विषारी सापाबद्दल, लिहितो. वीतभर-हातभर लांब, मातीच्या रंगाचं, जांभ्याच्या दगडाखाली बसलेलं असतं. पळून जात नाही, ही त्याची वाईट खोड. त्यामुळे दगड उचलण्याआधी काठीने उलटवा, बोटं खाली घालू नका. पायात बूट, चप्पल नको. चावलंच तर चिरा मारणं, आवळून बांधणं, मांत्रिक, सगळं बाद. पाय हलू न देता थेट दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात. म्हणून एक गाडी चालकासकट कायम गावात उभी ठेवा. बंधाऱ्याहून ही गोष्ट महत्त्वाची.

विंचू दुसरा. आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी लाल विंचवाने मुलं जाताना पाहिली. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. तेव्हा घाबरायचं नाही, पण वेळही काढायचा नाही. झोपताना बूट उलटे करून ठेवा, सकाळी झटकून घाला.

निर्मळकाठ · १० नोव्हेंबर २०२४, दुपारी ४:३०

आलो परत. सगळे धडधाकट. मोठं लिहितेय, चहा घेऊन बसा.

पहिली गंमत. आमच्या मुलांनी सगळ्यांसाठी एकसारखे निळे टी-शर्ट शिवून घेतले होते. विधानसभेचं मतदान २० तारखेला. बस गावात शिरली, एका रंगाचे तीस तरुण खाली उतरले, आणि पारावरच्या आजोबांनी विचारलं, "कुठल्या पक्षाचे?" कुणाचेच नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग अपक्ष." पाच दिवस आम्ही गावात अपक्षच होतो. जेवायला हाक मारायची तर "अपक्षांनो, पान वाढलंय."

(वाशिष्ठीकाठताई, शिधा आणि शेगडी आम्ही नेली होती. पहिल्या रात्रीच ती बाजूला ठेवायला लावली. तडजोड अशी झाली की तांदूळ-डाळ आमची, चूल आणि हात त्यांचे, भांडी आमच्याकडे. कुळथाची पिठी मुलांनी आधी नाक मुरडून आणि मग मागून मागून खाल्ली. आम्ही वसईची सुकेळी नेली होती, ती आज्यांनी डब्यात घालून कुलूप लावलं.)

कामाचं सांगते. पहिला दिवस फुकट गेला असं म्हटलं तरी चालेल. मुलांनी जोशात गोण्या तोंडापर्यंत भरल्या. मग एकही उचलेना. शिवताना तोंड मिटेना. शेजारच्या घरातल्या एक आजी दाभण आणि सुतळी घेऊन बसल्या होत्या, त्या काही न बोलता बघत होत्या. शेवटी त्यांनी एक गोणी ओतली, पाऊणहून कमी भरली, तोंड दुमडलं, पाच टाक्यांत शिवली आणि पायाने आमच्याकडे ढकलली. त्यांचं वय ७८. त्यांनी त्या दिवशी साठच्या वर गोण्या शिवल्या. मी आठ.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने रचना हातात घेतली. वहीत आकृती बिकृती काढली. दुपारी तिसरा थर चढवताना मधला भाग सरकून पाण्यात बसला. सांधा सांध्यावर आला होता. गावातले एक गवंडीकाका काठावर बिडी ओढत होते. "विटा रचतात तशा रच की," एवढंच म्हणाले. पोराचा चेहरा बघवत नव्हता. संध्याकाळी तो काकांच्या घरी जाऊन बसला, रात्री जेवायलाच आला नाही, तिथेच जेवला. तिसऱ्या दिवशी काका पाण्यात उतरले आणि हा त्यांना गोण्या देत होता, तोंडातून शब्द नाही. तळाला रुंद, वर निमुळता, मागच्या थरावर थोडा आत. मधल्या फटींत चिकणमाती पायाने चेपायची. ते काम मुलींना सगळ्यात आवडलं. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत साडेआठ मीटर लांब, छातीच्या थोडा खाली येईल एवढा बंधारा उभा. एकूण ४२० गोण्या. संध्याकाळी पाणी पहिल्या तीन थरांवर चढलं होतं. बघायला अख्खं गाव, म्हणजे एकतीस माणसं.

फुरसं एकदा दिसलं. डॉक्टरसाहेब, काठीने उलटवलेल्या दगडाखालीच. तुमचे आभार कसे मानू?

जे चांगलं झालं नाही तेही लिहिते. दोन मुलं दुसऱ्या दिवसापासून पाठदुखी सांगून खोलीत पडून राहिली, नेटवर्क मिळेल त्या कोपऱ्यात. फोटो फक्त शेवटच्या दिवशी एकच काढायचा असं ठरलं होतं, त्यावरून मोठं भांडण झालं. फादरांनाही स्मरणिकेसाठी फोटो हवे होते. मी हट्ट धरला. अजून अबोला आहे थोडा.

शेवटच्या रात्री देवळात भजन होतं, आम्हाला मागे बसायला सांगितलं. नंतर आम्हालाही म्हणा म्हणाले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग मुलींनी आमच्या सामवेदी बोलीतलं लग्नातलं गाणं म्हटलं. बायकांना अर्धं कळलं, अर्धं कळलं नाही, आणि न कळलेल्या अर्ध्यात काय असेल यावर त्या इतक्या हसल्या की बुवांना पेटी बंद करावी लागली.

संकासुर · १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

वाचलं. ठीक आहे.

भरतीरेषा · १० नोव्हेंबर, रात्री ८:४०

छान झालं, मनापासून. पण एक खटकतंय. ४२० गोण्या प्लॅस्टिकच्या विणलेल्या. सहा महिने उन्हात राहिल्या की धागा कुजल्यासारखा होतो, हाताने फाटते. पावसाच्या पहिल्या लोंढ्याला तो बंधारा जाणारच, तो जाण्यासाठीच असतो. माती परत पऱ्याला गेली, हरकत नाही. गोण्या कुठे जाणार? खाडीत आणि तिथून माझ्या किनाऱ्यावर. एप्रिलअखेर माणसं लावून गोण्या मोकळ्या करून काढून घ्या. ते काम बंधारा घालण्याइतकंच आहे आणि ते सहसा कुणी करत नाही, कारण तेव्हा उद्घाटन नसतं.

निर्मळकाठ · १० नोव्हेंबर, रात्री ९:००

हे लक्षातच आलं नव्हतं. नक्की येऊ. मुलांना आजच सांगते.

सड्यावरचा · १८ एप्रिल २०२५, सकाळी १०:२०

उशिराने खबर देतोय. बंधाऱ्यामागे पाणी फेब्रुवारीअखेरपर्यंत उभं होतं. डावीकडच्या टोकाला गळती होती, तिथे कातळ नीट खरवडला नव्हता. जानेवारीत मी आणि गवंडीकाकांनी माती लावून बघितली, थोडी थांबली. खालच्या विहिरीला मार्चात तळ दिसायचा तो या वर्षी परवा दिसला. म्हणजे जवळजवळ महिना मिळाला. फार नाही. पण माझी दीडशे सुपारी त्या महिन्यात टँकरशिवाय राहिली.

गोण्या काढायला कधी येताय?

निर्मळकाठ · १८ एप्रिल, रात्री ११:३०

दादा, आज शुभ शुक्रवार, दिवसभर चर्चमध्येच होतो, आत्ता बघितलं. रविवारी ईस्टर. मग मुलांच्या परीक्षा, आणि पुढे आमच्याकडे लग्नं आणि प्रथम कम्युनियनचा हंगाम. २४-२५ मेचा शनिवार-रविवार ठरवतोय. रविवारची मिस्सा शनिवारी संध्याकाळी तिकडे कुठे मिळते का बघते. चालेल ना? पाऊस ७ जूनच्या आधी काही येत नाही.

भरतीरेषा · १९ एप्रिल, सकाळी ७:१५

मी एप्रिलअखेर म्हटलं होतं.

सड्यावरचा · २१ मे २०२५, संध्याकाळी ७:३०

काल रात्रीपासून पाऊस लागलाय. वळवाचा वाटत नाही, पिसाटलाय. आज दुपारी आम्ही पाच जण पऱ्यात उतरलो, १३० गोण्या मोकळ्या करून वर आणल्या. मग पाणी वाढलं, काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं. शनिवारी येऊ नका. इथे उतरायची सोय नाही.

तुतारीचा_प्रवासी · २६ मे, दुपारी २:००

काल तळकोकण, आज मुंबई. मान्सून मे महिन्यात मुंबईत! आयुष्यात बघितलं नव्हतं. आंबा झाडावर आणि छत्री हातात.

सड्यावरचा · ३१ मे, संध्याकाळी ६:४५

बंधारा २५ च्या रात्री गेला. आज ओहोटीला घरातली पोरं घेऊन पऱ्याच्या काठाने खाडीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. खारफुटीत अडकलेल्या, वाळूत रुतलेल्या अशा ९४ मिळाल्या. काहींवर कंपनीचं नाव अजून वाचता येतं. काहींचे नुसते धागे झालेत, ते मोजले नाहीत.

निर्मळकाठ · ३१ मे, रात्री ८:१०

४२० मधून १३० आणि ९४ गेल्या. १९६ राहिल्या.

चूक माझी. तुम्ही दोघांनीही तारीख सांगितली होती, मी लग्नं धरून बसले. मुलांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचं नाव कुणीतरी बदलून "१९६" ठेवलंय. कुणी ते विचारलं नाही, मीही नाही.

पुढच्या वेळी तागाची पोती आणायची का? चौकशी केली, महाग पडतात. फादर म्हणाले बघू.

भरतीरेषा · ३१ मे, रात्री ८:३०

ताग एका मोसमात कुजतो, ते चांगलंच. पण भिजलेली पोती एप्रिलपर्यंत टिकतील का, शंका आहे. आधी चार पोती पऱ्यात ठेवून बघा. १९६ मधल्या काही माझ्याकडे येतील, आल्या की मोजून इथे लिहीन.

सड्यावरचा · १ जून, सकाळी ९:००

पोत्यांचं ऑक्टोबरात बघू. त्याआधी एक विचारतो. पाऊस लवकर आला तशी रोपंही लवकर तयार होतायत, जूनअखेर लावणी धरावी लागेल. माणूस मिळत नाही. अपक्षांतले दहा जण आले तरी आमची आणि आजींची खाचरं होतील. आजी विचारत होत्या, तो नीट गोणी न भरणारा मुलगा येतोय का?

निर्मळकाठ · १ जून, सकाळी ९:२५

कोणता? तसे २८ होते.

सड्यावरचा · १ जून, सकाळी ९:३०

मग सगळेच आणा. गुडघ्याच्या वर दुमडता येतील अशा पँटी. आणि या वेळी निळे टी-शर्ट नकोत, चिखलात रंग सोडतात, नाहीतर गावकी पुन्हा पक्ष विचारील.